आधी कंपौंडरनं प्यायचं

माझा स्वभाव संशयी आहे हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला साधुसंत समजायला नको. दुधात पाणी असणारच असं धरून मी दूध घेतो, आणि एखाद्या दिवशी ते दाट निघालं तर गवळ्याचा आज काय डाव आहे या विचारात पडतो. नागावच्या शाळेत मी एकोणीस वर्षं मास्तर होतो. पोस्टही शाळेतच होतं, त्यामुळे पोस्टमास्तरही मीच. त्या पोस्टात सरकारी कोयनेलच्या, म्हणजे क्विनाईनच्या, पुड्या विकायला येत. आश्विनात थंडीतापाची साथ सुरू झाली की माणसं शाळेच्या पायरीवर येऊन बसत आणि "चांगदेव मास्तर, पुडी द्या" म्हणत. निम्मी माणसं पुडी नेत, निम्मी ती हातात घेऊन उलटीसुलटी बघत, परत देत आणि भगताकडे जात. तरीही त्या पुड्यांपायी गावात मला वैद्याचा थोडाफार मान होता. तो मला आवडत असे, हेही कबूल करून टाकतो.

सव्वीस सालच्या वैशाखात दयाराम घरत गावात आला. पेणकडच्या खारपाटातला आगरी. बाप मिठागरावर राबून गेला. हा मात्र पोरवयातच मुंबईला जाऊन एका मोठ्या औषधाच्या दुकानात कंपौंडर झाला आणि चौदा वर्षं तिथंच टिकला. नागावात त्याचं ना सोयरं ना धायरं. बायको बायजा, दोन ट्रंका आणि गवतात गुंडाळलेल्या बाटल्यांनी भरलेली एक बैलगाडी एवढं घेऊन तो उतरला. रस्त्याकडेची सुपारीची रिकामी वखार त्यानं भाड्यानं घेतली आणि भिंतीला फळ्या ठोकायला लागला.

मुंबईतली चांगली नोकरी सोडून माणूस नागावात कशाला येईल? गावानं आठ दिवसांत याची तीन उत्तरं शोधली. एक, त्यानं मुंबईत चोरी केली असणार. दोन, तो सरकारचा माणूस असणार. कुणाला ताप आहे ते लिहून घेईल आणि प्लेगच्या वेळी उचलून नेली तशी माणसं उचलून नेईल. तिसरं उत्तर माझं होतं. याच्या हातून औषध चुकून कुणीतरी मेला असणार आणि मालकानं याला हाकलला असणार. मी त्याला तोंडावरच विचारलं.

तो म्हणाला, "मास्तर, मुंबईत औषधाची दुकानं गल्लोगल्ली हायत. हितं एक बी न्हाय. म्हणून आलो."

एवढं सरळ उत्तर कुणी देतं का? माझा संशय पक्का झाला.

दुकान उघडलं त्या सकाळी अर्धं गाव दारात होतं. घ्यायला कुणीच आलेलं नव्हतं, सगळे बघायला आले होते. बाटलीतून येणाऱ्या गोष्टी गावाला दोनच ठाऊक होत्या, रॉकेल आणि दारू. या बाटल्यांना वास तर दारूचाच येत होता. शेवटी येसूबाई पुढे झाली. येसूबाई म्हणजे माळीवाड्यातली विधवा, स्वतःच्या हिमतीवर नारळ-सुपारीची वाडी सांभाळणारी आणि गावाच्या वतीनं बोलायचा मक्ता घेतलेली. तिला तीन आठवडे खोकला होता. दयारामनं तिला चार प्रश्न विचारले, तीन बाटल्यांतलं थोडंथोडं मापात घेऊन एका बाटलीत घातलं, पाणी घातलं आणि बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवली. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध, असं समजावून त्यानं बाटली पुढे केली.

येसूबाईनं हात लावला नाही. ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमी शिकलेलं. घेऊ काय ह्ये?"

त्या वेळी मी गप्प बसलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. पण सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं आणि माझ्या पोटात त्या कोयनेलच्या पुड्या टोचत होत्या. आमच्याकडे माडी विकायची एक रीत होती. भंडारी मडक्यातली माडी आधी स्वतः घोटभर पिऊन दाखवी आणि मगच गिऱ्हाईकाला देई. तिच्यात धोतरा नाही याची ती हमी. तीच रीत मला आठवली.

मी म्हणालो, "येसूबाई, माडीवाला काय करतो? आधी आपण पितो, मग देतो. इथंही बाटलीच आहे. ज्यानं कालवलं त्याला आधी पिऊ दे."

मला वाटलं, मुंबईचा माणूस, संतापेल. बाटली फळीवर ठेवून देईल आणि गाव समजायचं ते समजेल. दयारामनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग लहान चमचा घेतला, बाटलीतलं औषध वरून त्यात ओतलं, ओठ न लावता तोंडात सोडलं आणि गिळलं.

"झालं? आता न्या," तो म्हणाला.

तरी येसूबाई लगेच गेली नाही. दुकानाच्या बाकावर तासभर बसली आणि तो कोसळतो का ते बघत राहिली. तो कोसळला नाही, उलट फळ्या पुसत राहिला. चार दिवसांत तिचा खोकला बसला. औषध चांगलं आहे असं ती कुणाला म्हणाली नाही. ती सगळ्यांना एवढंच सांगत सुटली की "त्यानं आदी आपण पिलं."

तेव्हापासून नागावात औषध घ्यायचं ते असंच. आधी कंपौंडरनं प्यायचं, मग आपण. पोटात दुखत असो, जुलाब असोत, पोराला जंत असोत, बाटली भरली की माणसं हाताची घडी घालून उभी राहत आणि दयारामचा चमचा तोंडात जाईपर्यंत पापणी हलवत नसत. काही जण तर त्याला तोंड उघडून दाखवायला लावत. डोळे आले तर औषधाचा थेंब आधी त्याच्या डोळ्यात. खरजेचं मलम आधी त्याच्या मनगटावर. एकानं गुडघ्याला चोळायचं तेल नेताना त्याला ते पी म्हणून हट्ट धरला. दयारामनं मान हलवली, तेल आपल्या कोपराला चोळलं आणि बाटली दिली. त्यातून गावानं आपला नियम काढला की तो पितो ते प्यायचं, तो चोळतो ते चोळायचं. वाचता येणारी माणसं गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाटलीवर छापलेलं त्यांना काय उपयोगी? पण दयारामनं काय केलं ते सगळ्यांच्या लक्षात राहत होतं. हळूहळू लोक न सांगता येऊ लागले. पूर्वी साधं भाजलं तरी शेण लावणारी बाई मुलाला उचलून थेट वखारीत आणू लागली. हगवणीला दोन दिवस झाले की तिसऱ्या दिवसाची वाट न बघता माणसं बाटली घेऊन येत. बाटली घरचीच आणायची, तीसुद्धा त्याच्यासमोर धुऊन घ्यायची, कारण त्याच्या बाटल्यांचाही भरवसा नव्हता.

माझ्या पुड्या पोस्टाच्या कपाटात पडून राहिल्या.

तीस साली मिठाच्या गडबडीत एक गंमत झाली. खारपाटातला माणूस आणि दुकानात पांढऱ्या भुकटीची बरणी, एवढ्यावरून एका हवालदाराला संशय आला की हा चोरून मीठ विकतो. दयाराम म्हणाला, हे विलायती मीठ आहे, जुलाबाचं. हवालदारानं आमच्या गावाची रीत ऐकली होती. तो म्हणाला, आधी तू खा. दयारामनं चिमूटभर खाल्लं. हवालदाराला वाटलं, लबाड चिमटीवर भागवतोय. त्यानं स्वतः मूठभर तोंडात टाकलं आणि वर दोन तांबे पाणी प्याला. पुढचे दोन दिवस सरकारचा कारभार हवालदारावाचूनच चालला. गाव हसलं, पण दयाराम हसला नाही. त्यानं हवालदाराला ताकात मीठ-साखर घालून ते पाठवलं. ते पाठवतानाही एक घोट आधी स्वतः घेतला, कारण शिपाई समोर उभा होता.

मी मात्र त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. माझं म्हणणं असं की कुठलाही शहाणा माणूस दिवसाला तीस जणांची औषधं पिणार नाही. हा नक्की हातचलाखी करत असणार. बाटली एक, चमच्यात येतं दुसरीतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी त्याच्या जागी असतो तर मी तसंच केलं असतं. म्हणून मला ते इतकं स्पष्ट दिसत होतं.

तेहतीस सालच्या श्रावणात मला आणखी एक गोष्ट खटकली. मी दुकानात जाऊन "काय दयाराम" म्हटलं तर तो पाठ फिरवून बसलेलाच. दुसऱ्यांदा हाक मारली तरी हूं नाही की चूं नाही. इतरांचाही तोच अनुभव. धंदा वाढला तसा माजला, असं लोक बोलू लागले. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्याला मुलगी झाली होती, कमळ. ती तेव्हा नऊ महिन्यांची होती. आता तर हा जमिनीवर नाही, असं येसूबाईसुद्धा म्हणाली. मी ठरवलं, याची लबाडी उघडी करायची.

शाळा सुटली की मी वर्तमानपत्र घेऊन त्याच्या बाकावर जाऊन बसू लागलो. वर्तमानपत्राला बोटाएवढं भोक पाडलं होतं. आता सांगताना लाज वाटते, पण पाडलं होतं. चौथ्या दिवशी मला हवं ते दिसलं. गिऱ्हाईक गेल्यावर दयाराम खाली वाकला, फळीखालून झाकण ठेवलेला एक लोटा काढला, दोन घोट घेतले आणि लोटा परत ठेवला. म्हणजे उतारा. आत विष जातं आणि वरून हा उतारा घेतो. तो मागच्या दारी हात धुवायला गेल्याबरोबर मी फळीमागे शिरलो, लोटा काढला आणि झाकण उचलून वास घेतला.

"पेज हाय, मास्तर," मागून बायजा म्हणाली. कमळ तिच्या कडेवर होती.

माझ्या हातात लोटा तसाच राहिला. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "त्यांच्या पोटात जळतं. तापाच्या दिवसांत तर अन्न ठरत न्हाय. म्हून पेज ठेवते. आनि कानात रातकिड्यावानी वाजतं म्हनतात, दिवसा बी. डाव्या कानानं आता कायच न्हाय ऐकू येत. लोक म्हनतात माजलाय. तुमी शिकलेलं हाव मास्तर. अलिबागला डाक्तरकडं नेता काय? मी सांगते तर ऐकत न्हाईत."

मी लोटा जागेवर ठेवला. 

पुढच्या रविवारी मी त्याला बैलगाडीतून अलिबागला नेलं. डॉक्टर वयस्क होता. त्यानं दोन्ही कानांजवळ घड्याळ धरून पाहिलं, मग विचारलं, "कोयनेल घेता का?"

"घेतो."

"दिवसाला किती?"

"तापाच्या दिवसांत तीस-पस्तीस चमचे."

"एवढा कसला ताप येतो तुम्हाला?"

"मला न्हाय. लोकांना," दयाराम म्हणाला.

डॉक्टरला हसू आलं आणि मग सगळं ऐकल्यावर ते गेलं. त्यानं मला उद्देशून सांगितलं, कारण मी शिकलेला दिसत होतो. डावा कान गेला तो गेला. उजवा अर्धा शिल्लक आहे. आज कोयनेल सोडलं तर तो टिकेल. आणखी एक साथ अशी पिऊन काढली तर तोही जाईल, मग जगातला कुठलाही डॉक्टर काही करू शकणार नाही. ही प्यायची पद्धत कुणा मूर्खानं पाडली, असंही त्यानं विचारलं. मी म्हणालो, गावाची जुनी रीत आहे.

परतताना दयाराम गाडीत माझ्या डाव्या हाताला बसला, म्हणजे त्याचा उजवा कान माझ्याकडे राहिला.  अक्षी गावाच्या पुढे आल्यावर तो म्हणाला, "कमळ अजून बोलत न्हाय. नुसती ओरडते. एकदा बोलायला लागली की झालं, तवर हा कान राखायला पायजे."

"राखशील," मी म्हणालो.

"एक सांगू, मास्तर? पहिल्या दिवशी तुमी बोललात म्हणून दुकान उभं ऱ्हायलं. न्हायतर येसूबाई बाटली ठेवून गेली असती. मी तवाच ओळखलं, ह्यो माणूस आपल्या भल्याचं बोलला."

तिथं मी खरं सांगायला हवं होतं. त्याचा एक कान अजून अर्धा शाबूत होता आणि गाडीत तिसरं कुणी नव्हतं. मी बैलांच्या शेपट्यांकडे बघत बसलो.

पण मनाला लागलं ते लागलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः दुकानात गेलो. सात-आठ माणसं होती, येसूबाईही होती. मी सगळ्यांना थांबवलं आणि समजावून सांगितलं. हा माणूस सात वर्षं तुमच्यासाठी कोयनेल प्याला. त्यानं याचा एक कान गेला आणि दुसरा जायला आलाय. इथून पुढे याला प्यायला लावायचं नाही. याच्यावर विश्वास ठेवून औषध न्यायचं. मी शाळेत कधी बोललो नसेन इतकं चांगलं बोललो.

 मग येसूबाई सावकाश म्हणाली, "म्हंजी कोयनेलानं कान जातात."

"तसं नव्हे येसूबाई. रोज पस्तीस चमचे, तेही वर्षानुवर्षं—"

"पस्तीस चमच्यांनी त्याचा गेला. एका चमच्यानं आमचा थोडा जाईल. येवढाच फरक न्हवं?"

मी खूप सांगितलं. जितकं सांगितलं तितकं त्यांना वाटलं, मास्तर काहीतरी झाकतोय. एकेक जण रिकामी बाटली घेऊन निघून गेला. गणपती करायला गेलो आणि झाला मारुती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की वखारीतल्या औषधानं माणूस बहिरा होतो, आणि हे खुद्द मास्तर अलिबागच्या डॉक्टरकडून ऐकून आलेत.

भादवा संपता संपता साथ आली. भात निसवलं होतं आणि घराघरात माणसं गोधड्या पांघरून कुडकुडत होती. वखारीत कुणी फिरकत नव्हतं. भगताच्या अंगणात मात्र रांग होती. माझ्या पोस्टातल्या पुड्याही कुणी नेईना, कारण तेही कोयनेलच. दयाराम सकाळी फळ्या पुसून बसे आणि संध्याकाळी उठे. मीही शाळा सुटली की तिथं जाऊन बसत होतो. वर्तमानपत्र आता नीट वाचत होतो.

सातव्या की आठव्या दिवशी येसूबाई आली. तिच्या कडेवर तिचा नातू सदा होता. सात वर्षांचं पोर, कडेवर घ्यायच्या वयाचं नव्हे, पण त्याला उभं राहवत नव्हतं. दर तिसऱ्या दिवशी ताप येत होता आणि ही चौथी पाळी. भगताचे दोरे हातात तीन झाले होते. पोराचे दात वाजत होते. येसूबाई दारात उभी राहिली, आत येईना आणि जाईनाही.

दयारामनं बाटली भरली, पट्टी चिकटवली आणि पुढे ठेवली. तिनं हात लावला नाही.

मी उठलो. "येसूबाई, मी पितो. माझ्यासमोर त्यानं कालवलंय. मी पूर्ण खाच पितो, मग तर झालं?"

"तुमी पिऊन काय हुनार, मास्तर?" ती म्हणाली. "कालवलं कुनी? ज्यानं कालवलं त्यानं प्यायचं. तुमचंच बोलनं हाय."

 तिचं म्हणणं मी तिला शिकवलं त्याच्याशी तंतोतंत जुळत होतं.

दयारामला सगळं ऐकू आलं असेल असं नाही, पण बघून कळण्यासारखं होतं. त्यानं चमचा उचलला. आतल्या दारातून बायजा म्हणाली, "न्हाय." मोठ्यानं नाही, पण त्याला ऐकू आलं, कारण त्यानं वळून पाहिलं. कमळ तिच्या खांद्यावर होती, चौकटीच्या लाकडाला चाटत होती. तो थोडा वेळ मुलीकडे बघत राहिला. मग पोरानं घ्यायची ती पूर्ण खाच पेल्यात ओतून तो एका दमात प्याला आणि रिकामा पेला येसूबाईला उलटा करून दाखवला. ती आत आली. बाकावर बसून तिनं सदाचं नाक दाबलं आणि त्याच्या तोंडात औषध ओतलं.

दुसऱ्या दिवशी तेरा बाटल्या आल्या. त्यानंतरच्या दिवशी तीस.

त्या तेरा बाटल्या संपल्यावर मी त्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हणालो, "दयाराम, वेडेपणा करू नको. एका बाटलीत साधं पाणी भरून ठेव आणि त्यातलं पी. कुणाला कळायचं नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. "मंग तुमचा संशय खरा ठरंल, मास्तर," तो म्हणाला. म्हणजे वर्तमानपत्राचं भोक त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी लोटा हुंगला तेही बायजानं सांगितलं असणार. तरी तो माझ्याबरोबर अलिबागला आला होता आणि गाडीत मला आपला हितचिंतक म्हणाला होता. हे मला आजही पचलेलं नाही.

दिवाळीच्या सुमारास साथ ओसरली. सदा भाऊबीजेला माडावर चढताना सापडला आणि त्यानं येसूबाईच्या हातचा मार खाल्ला. गावात त्या साथीत मरण झालं नाही. दयारामच्या दुकानासमोर फटाक्यांची माळ लागली तेव्हा तो आत पुड्या बांधत होता. त्याचे हात क्षणभरही थांबले नाहीत. मी समोरच उभा होतो, म्हणून मला समजलं.

कमळ माघात बोलली. बायजानं मला शाळेत येऊन सांगितलं. मुलगी भिंत धरून उभी राहिली आणि स्पष्ट "बाबा" म्हणाली. तो पाठमोरा होता. बायजानं त्याला खांद्याला धरून वळवलं आणि मुलीकडून पुन्हा म्हणवून घेतलं. तो खाली बसून तिचे ओठ बघत राहिला. 

पुढच्या साथीच्या आधी येसूबाईनं गावाला बजावलं की आता कंपौंडरला प्यायला लावायचं नाही. तिचं म्हणणं, ज्याचे कान आपल्यापायी गेले तो आता कशाला फसवील? गावाला ते पटलं. इतक्या वर्षांत गावाला पटलेली ही पहिली गोष्ट, आणि ती अशा वेळी पटली. त्यानंतर लोक नुसतं दुखऱ्या जागी बोट ठेवत आणि दयाराम औषध देई. जे बोटानं दाखवता येत नसे ते वाचता येणारी माणसं पाटीवर लिहून देत. पाटी दुकानातच टांगलेली असे. दुकान आधीपेक्षा जोरात चाललं.

अडतीस साली कमळ माझ्या शाळेत आली. बोलायला चुरचुरीत, पाढे तर इतर पोरांच्या पुढे. एके दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्याबरोबर दुकानापर्यंत चालत आली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. दयाराम माझ्यासमोर बसून मलम खलत होता आणि मधूनमधून माझ्याकडे बघून हसत होता. मला एकाएकी राहवलं नाही. मी म्हणालो, "दयाराम, त्या पहिल्या दिवशी मी तुझ्या भल्यासाठी बोललो नव्हतो. माझ्या पुड्या खपणार नाहीत म्हणून बोललो. तुझं दुकान उठावं म्हणून. तुझे कान माझ्यामुळे गेले." मी ते दोनदा म्हटलं. तो हसत मान हलवत राहिला. समोरचा काही बोलला की तो तसंच करायचा.

कमळनं सगळं ऐकलं होतं. पाच वर्षांच्या पोरीला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं खुंटीवरची पाटी काढून माझ्या हातात दिली. "मास्तर, बाबांना असं न्हाय ऐकू येत. हिच्यावर लिवा. ते वाचतात."

मी पाटी मांडीवर घेतली. पेन्सिल हातात धरून बराच वेळ बसलो. दयाराम खल थांबवून वाट बघत होता. मग मी लिहिलं, 'कमळ हुशार आहे. वर्गात पहिली येईल.'

त्यानं ते दोनदा वाचलं, बायजाला हाक मारून दाखवलं आणि पोरीला उचलून घेतलं. ती पाटी त्यानं आठवडाभर कुणाला पुसू दिली नाही, गिऱ्हाइकांसाठी नवी आणली, असं बायजा मला नंतर मोठ्या कौतुकानं सांगत होती.